हँडल किती खाली?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील सायकल फेरीच्या आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या प्रांगणात केलेले भाषण)



सेक्रेटरीसाहेबांनी मला विचारलं, "साहेब, तुम्ही कशावर बोलणार? ज्येष्ठांची गुंतवणूक घेता का?" मी म्हटलं, गुंतवणुकीवर मी तीस-पस्तीस वर्षं काउंटरच्या पलीकडून बोललो, आता पुरे. उद्या सकाळी आपली सायकल फेरी आहे, तर सायकलवर बोलतो. त्यातही एकाच गोष्टीवर बोलतो. जुनी, वापरलेली रेसिंग सायकल घेतल्यावर तिचं हँडल खाली कसं घ्यायचं आणि किती घ्यायचं. ते हसले. पण आपल्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या मुलांनी पुण्याहून, नाशिकहून अशा पाच-सहा सायकली आणल्या आहेत. खाली वाकडं हँडल, बारीक टायर, वजनाला हलक्या. मुलांना शिक्षणाच्या गावी त्या स्वस्तात मिळतात. आणि घरी आणल्यावर पहिलं काम काय, तर पाना घेऊन हँडल खाली. त्यात आमचे नातूही आले.

बाहेरगावी आपण 'देवळाली' म्हटलं की लोक नाशिकची देवळाली कॅम्प समजतात. मग आपल्याला 'प्रवरा' जोडावं लागतं. पण सायकलच्या बाबतीत नाशिकचा उल्लेख झाला तर आपल्याला वाईट वाटायचं कारण नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या दोघा भावांनी २०१५ साली 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत जोडीने पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर. पुढे २०१७ साली लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. मुंबई-पुणे सायकल शर्यत आणि त्यातला 'घाटाचा राजा' हा किताब तर माझ्या पिढीच्या कानावरून गेलेला आहे. तेव्हा मुलांना वेगाचं वेड लागलं तर मला त्यात वावगं वाटत नाही. उलट मोबाइल खाली ठेवून मुलगा पहाटे साडेपाचला उठतोय, हेच घरच्यांना नवल.

आता हँडल खाली का घ्यायचं? नातवानं मला याचं कारण सांगितलं, आणि ते खरं आहे. सायकल सावकाश चालवताना आपला जोर टायरच्या घासण्यात आणि चढात जातो. पण वेग वाढला की वारा आडवा येतो. वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाऱ्याचा विरोध वाढतो, आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात. ताशी २० वरून ३० वर गेलात, तर वेग दीडपट झाला. पण नुसत्या वाऱ्यासाठी लागणारी ताकद दीड गुणिले दीड गुणिले दीड, म्हणजे जवळजवळ साडेतीन पट झाली. चक्रवाढ व्याज ज्यांना कळतं त्यांना हे लगेच कळेल. आणि वाऱ्याला सगळ्यात जास्त अडवते ती सायकल नव्हे, वर बसलेला माणूस अडवतो. त्यानं छाती खाली घेतली की वाऱ्याला आडवी येणारी जागा कमी होते.

याचं एक प्रसिद्ध उदाहरण १९८९ च्या 'टूर द फ्रान्स'चं आहे. शेवटच्या दिवशी साडेचोवीस किलोमीटरची, एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध धावायची शर्यत होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. त्यानं हँडलला पुढे आलेल्या दांड्या लावल्या, कोपरं जवळ घेतली, पाठ आडवी केली, आणि तीन आठवड्यांची अख्खी शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. तेव्हा मुलं म्हणतात त्यात तथ्य आहे.

पण मी नातवाला विचारलं, "तू कितीनं चालवतोस?" म्हणाला, "आबा, सरासरी बावीस." बावीसला फायदा होतो, नाही असं नाही. पण तो फायदा पदरात पडायला त्या बसण्यात तासभर टिकता आलं पाहिजे. आणि इथेच खरी अडचण आहे. ती नीट समजून घ्या.

या वाकड्या हँडलवर हात ठेवायच्या तीन जागा असतात. एक वरची आडवी दांडी. दुसरी, ब्रेकच्या रबरी मुठी. तिसरी, खालचा वाक. जुन्या रेसिंग सायकलींवर ब्रेक सगळ्यात जोरात लागतो तो खालच्या वाकातून, कारण तिथून बोटं लिव्हरच्या टोकाशी पोहोचतात. मुठीवरून लागतो, पण कमी जोरात. आणि वरच्या आडव्या दांडीवर हात असले, तर ब्रेक हाताशीच नसतो. आता हँडल इतकं खाली घेतलं की खालच्या वाकात दोन मिनिटंसुद्धा राहवत नाही, तर मुलगा काय करणार? मान दुखते म्हणून हात वर घेणार, आणि सगळा प्रवास आडव्या दांडीवरून करणार. हँडल गेलं खाली आणि हात राहिले वर. वाऱ्याचा फायदा गेलाच, वर ब्रेकही लांब गेला. आपल्या नगर-मनमाड रस्त्यावर, उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कसे येतात हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे ब्रेक दोन बोटं लांब असणं परवडत नाही.

म्हणून माझा हिशेब सोपा आहे. खालच्या वाकात दहा-पंधरा मिनिटं, कोपरं थोडी वाकलेली ठेवून, मान वर करून समोरचा रस्ता दिसेल असं बसता आलं, तर हँडलची उंची बरोबर आहे. नाही बसता आलं, तर ते जास्त खाली आहे. मग फोटोत कोणाचं कितीही खाली असो.

आता काम कसं करायचं ते सांगतो. मी मिस्त्री नाही. पण आमच्या काळी प्रत्येकाला आपली सायकल थोडीफार उघडता यायची. वर्षातून एकदा ती 'ओव्हरऑइलिंग'ला टाकायची. हा शब्द ओव्हरहॉलिंग आहे हे मला बँकेत लागल्यावर कळलं, पण तेल तर भरपूर घालायचे, त्यामुळे तोही बरोबरच वाटायचा.

जुनी सायकल म्हणजे बँकेच्या भाषेत जुनं तारण. कर्ज देण्याआधी आपण सर्च रिपोर्ट मागवतो ना? तसा आधी सायकलचा सर्च रिपोर्ट घ्या. आधीच्या मालकानं काय करून ठेवलंय ते बघा. हँडल ज्या दांड्याला पकडलेलं असतं त्याला स्टेम म्हणतात. जुन्या सायकलीत हा स्टेम चिमट्याच्या नळीत आत उतरलेला असतो. तो एकदा पूर्ण बाहेर काढून बघाच. गंज आहे का, बारीक चीर आहे का, पुसून उजेडात धरा. हँडलवरची जुनी पट्टीही सोडा. अ‍ॅल्युमिनियमच्या हँडलला वर्षानुवर्षं घाम लागून पट्टीखाली ते खाल्लेलं असू शकतं. लोखंड आधी वाकतं, अ‍ॅल्युमिनियम पुष्कळदा न सांगता तुटतं. चीर दिसली तर ते हँडल खाली घ्यायचं नाही, बदलायचं.

मग सीट. सीटची उंची आधी नक्की करा, हँडल नंतर. पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, ही जुनी साधी पद्धत आजही चालते. सीट दोन सेंटिमीटर वर गेली तर हँडल न हलवताही तितकंच खाली गेल्यासारखं होतं. पुष्कळांचं काम इथेच भागतं.

आता स्टेम. वरती मधोमध एक बोल्ट असतो. काहींना ॲलन की लागते, काहींना साधा पाना. हा बोल्ट खाली नळीच्या आत एका पाचरीला धरून असतो. बोल्ट आवळला की पाचर वर ओढली जाते आणि नळीच्या भिंतीला घट्ट दाबून बसते. म्हणून नुसता बोल्ट ढिला करून हँडल हलत नाही, कारण पाचर तशीच रुतलेली असते. बोल्ट दोन-तीन आटे ढिला करायचा, पूर्ण काढायचा नाही. त्याच्या डोक्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीनं एक-दोन हलके ठोके द्यायचे. पाचर सुटली की बोल्टचं डोकं खाली बसतं. मग पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरायचं आणि हँडल डावी-उजवीकडे हलवत खाली न्यायचं.

जुन्या सायकलीत ते जाम झालेलं असेल, तर गंज सोडवणारं तेल सोडून एक रात्र थांबा. दांडगाई करू नका. चिमटा वाकला तर सायकलच गेली. काही चिमट्यांची नळी खालच्या बाजूला आतून जाड होत जाते, तिथे स्टेम पुढे जात नाही. जिथे थांबेल तिथे थांबा. स्टेमवर एक खूण असते. ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये. खाली घेताना ती दिसायचा प्रश्न नाही, पण उद्या परत वर घ्यायचं झालं तर लक्षात ठेवा. खूण पुसली गेली असेल, तर निदान अडीच इंच दांडा आत असू द्या. परत बसवताना दांड्याला आणि पाचरीला थोडं ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी जाम होणार नाही.

यानंतर हँडल चाकाशी सरळ करा आणि बोल्ट आवळा. घट्ट हवा, पण हातात आहे तेवढा सगळा जोर लावायचा नाही, कारण जास्त आवळलं तर पाचर नळीला आतून फुगवते. आणि मग सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. चाक परत गुडघ्यांत धरा आणि हँडल जोरानं फिरवून बघा. चाक सोडून हँडल एकटं फिरता कामा नये. नंतर पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून ब्रेकच्या वायरी कुठे अडकत नाहीत ना ते बघा. काही जुन्या सायकलींत पुढच्या ब्रेकची वायर स्टेममधून जाते. तिथे हँडल खाली गेलं की ब्रेक ढिला पडतो, तो पुन्हा जुळवावा लागतो. दोन्ही ब्रेक दाबून, सायकल हातानं ढकलून बघितल्याशिवाय वर बसायचं नाही.

ही परीक्षा मी एवढी का सांगतोय? मी एका खेड्यातल्या शाखेत असताना दुधाच्या किटल्या घेऊन येणारे एक खातेदार होते. सकाळी घाईत कोणीतरी त्यांच्या सायकलचं हँडल वरखाली करून दिलं आणि आवळायचं राहिलं. वळणावर त्यांनी हँडल वळवलं, चाक सरळच गेलं. गडी किटल्यांसकट चारीत. हाताचं मनगट मोडलं, दीड महिना दुधाचं काम बंद, आणि म्हशीचा हप्ता मात्र चालू. तो हप्ता मागायला आम्हीच जाणार होतो. एका बोल्टचे दोन आटे, पण घराचं गणित बिघडलं.

नवीन पद्धतीच्या सायकलींत वेगळी रचना असते. साधारण १९९० नंतर ही आली. तिथे स्टेम नळीला बाहेरून आवळलेला असतो आणि त्याच्या खाली चकत्या असतात. खालची चकती काढून वर घातली की हँडल तेवढं खाली येतं. तिथे वरचा टोपीचा बोल्ट स्टेम धरत नाही, तो फक्त छऱ्यांचा ताण जुळवतो. तेव्हा आधी बाजूचे बोल्ट सोडा, मग टोपी. बसवताना आधी टोपी हलकी, मग बाजूचे बोल्ट. उरलेली चकती फेकू नका आणि नळी कापायची घाई तर अजिबात करू नका. कापलेली नळी वाढत नाही. आज वीस वर्षांचे आहात, चाळिशीत तीच चकती खाली लागणार आहे.

आता किती खाली? आमच्या घरी यावरून बरीच चर्चा झाली. नातवाला एका दिवसात तळाला न्यायचं होतं. मी म्हटलं, हप्त्यानं फेड. आधी हँडल सीटच्या बरोबरीला ठेव. जमिनीपासून सीट किती, जमिनीपासून हँडल किती, टेपनं मोजून वहीत लिही. मग एक सेंटिमीटर खाली घे आणि दोन आठवडे चालव. त्रास नाही, तर आणखी एक. लक्षात घ्या, चिमट्याची नळी तिरपी असते. म्हणून हँडल एक सेंटिमीटर खाली गेलं की साधारण तीन मिलिमीटर पुढेही जातं. हात लांब पडायला लागतात ते यामुळे.

त्रास कोणता ओळखायचा? करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुंग्या येऊन बधिर होत असेल, तर तळहाताच्या कडेची नस दाबली जातेय. मानेत किंवा दोन्ही खांद्यांच्या मध्ये कळ येत असेल, सीटवरून सारखं पुढे घसरायला होत असेल, गुडघे पोटाला लागत असतील, तर हँडल वर घ्या. मुलांना वाटतं मान दुखणं म्हणजे म्हातारपण. मघाशी सांगितलेल्या अमेरिकेच्या शर्यतीत मानेचे स्नायू इतके थकतात की काही स्वारांना डोकं वर धरताच येत नाही. १९८३ साली मायकेल शर्मर या स्वाराला हे झालं, आणि त्या दुखण्याला त्याचंच नाव पडलं. एवढी तयारी केलेल्या माणसांची मान जिथे हार मानते, तिथे आपली मान काही वेगळ्या मातीची नाही. आणि मान वर झाली नाही की नजर पुढच्या चाकावर जाते. रस्त्यातला खड्डा, गतिरोधक, उलट्या बाजूनं येणारा मोटारसायकलवाला, काही दिसत नाही.

नातवाचं हँडल तीन महिन्यांत सीटच्या चार सेंटिमीटर खाली येऊन थांबलं. पाचवा सेंटिमीटर त्यानं घेऊन पाहिला, बोटं बधिर झाली, आणि स्वतःच परत वर घेतला. मला त्याला काही सांगावं लागलं नाही, वहीत नोंद होती. आता तो खालच्या वाकात बसून कॅनॉलच्या रस्त्यानं तासभर जातो आणि येऊन पोहे मागतो. त्याच पार्किंगमध्ये माझी काळी सायकल आहे. डॉक्टरांनी मानेच्या मणक्यांचं सांगितल्यापासून तिचं हँडल सीटच्या चार बोटं वर आहे. आमची ही म्हणते, "एकाच घरात एकाचं हँडल पाताळात, एकाचं आकाशात." मी म्हणतो, दोघं रोज सायकल चालवतात ना, मग दोन्ही बरोबर.

इथे बसलेल्या माझ्या वयाच्या मंडळींनाही हेच सांगायचं आहे. "आता वाकवत नाही" म्हणून तुमच्यापैकी किती जणांनी सायकली गच्चीवर नेऊन टाकल्यात ते मला माहीत आहे. सायकल टाकायच्या आधी हँडल वर करून बघा. तोच बोल्ट, तीच पाचर, फक्त दिशा उलटी. खूण तेवढी आत ठेवा.

कमिटीला एक विनंती करून थांबतो. आपल्या सोसायटीनं पंचवीस वर्षांत पाण्याची टाकी केली, झाडं लावली, सभामंडप उभा केला. आता पार्किंगच्या कोपऱ्यात एक छोटी पेटी ठेवू या. ॲलन कीचा संच, दोन-तीन पाने, हवेचा पंप, ग्रीसचा डबा, लाकडी ठोकळा, हातोडी, मोजपट्टी आणि एक वही. खर्च फार नाही, सभासदांनी मनावर घेतलं तर वर्गणीची पावतीसुद्धा फाडावी लागणार नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता मी तिथे असेन. ज्याला हँडल खाली घ्यायचं त्यानं यावं, ज्याला वर घ्यायचं त्यानंही यावं. नातवानं मदतीचं कबूल केलं आहे, सुट्टीला आला असेल तेव्हा.

आणि उद्या सकाळी फेरीला निघण्यापूर्वी, सहा वाजता, प्रत्येकानं पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरवून बघायचं. लहान मुलांच्या सायकलींचं त्यांच्या आई-बाबांनी बघायचं. मिनिटभराचं काम आहे. ते केल्याशिवाय चेअरमनसाहेबांनी झेंडा दाखवू नये, अशी माझी सूचना आहे. अनुमोदन असेल तर हात वर करा. वा, सर्वानुमते मंजूर!



जय हिंद, जय महाराष्ट्र!